एलएम ३८६ चा माईक अॅम्प्लिफायर हेडफोनला लावला की भट-भट नाहीतर शिट्टी: दोष नेमका कुठं असतो

लातूर, परभणी, नांदेड, कुठूनही विचारणारा असू द्या, प्रश्न एकच असतोय. "सर, माईकचा अॅम्प्लिफायर केलाय, सर्किट जसंच्या तसं जोडलंय, पण हेडफोन लावला की भट-भट-भट करायलाय." नाहीतर "व्हॉल्यूम जरा वाढवला की शिट्टी मारायलाय." विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की शाळेतल्या पोरांकडनं येतो, मिनी प्रोजेक्टच्या टायमाला पॉलिटेक्निकवाल्यांकडनं येतो, आणि मधूनमधून अशा घरांतनं येतो जिथं आजोबांना नाहीतर आजीला ऐकू कमी येतंय आणि सप्ताहातलं कीर्तन तरी नीट कानावर पडावं म्हणून नातवानं हे करायला घेतलेलं असतंय. त्या घरांसाठी मी हे जरा सविस्तर लिहायलोय, कारण तिथं हा प्रोजेक्ट प्रदर्शन संपलं की कपाटात जात नाही, तो रोज कुणाच्या तरी कानाला लागणार असतो.

आधी एक सांगतो. भट-भट आली की सगळेजण आयसी, म्हंजे आवाज वाढवणारी एलएम ३८६ ची चिप, बदलतात, मग माईक बदलतात, मग परत आयसी. आयसी चांगली असती, माईक पण चांगला असतो. दहातल्या बहुतेक केसमध्ये लफडं असतंय माईकला सप्लाय कुठनं आणि कसा दिलाय त्यात, आणि ते दोन पार्टमध्ये सुटतंय, एक १ के (किलोओहम) चा रेझिस्टर आणि एक मोठा कंडेन्सर. पण ते लावायच्या आधी आपल्या बोर्डात तोच दोष आहे का हे तपासायला पाहिजे, नाहीतर अंदाजानं पार्ट लावत बसाल.

मी कुठलं सर्किट धरून बोलायलोय ते लिहितो म्हंजे घोळ नको. ९ व्होल्टचा चौकोनी सेल नाहीतर पेन्सिल सेल चार, म्हंजे ६ व्होल्ट. बटणाएवढा कंडेन्सर माईक, ज्याला कोणी कॉलर माईकचा माईक म्हणतंय. माईकच्या प्लसला १० के मधनं सप्लाय (६ व्होल्ट असेल तर ४.७ के), तिथनंच ०.१ मायक्रोफॅरडचा (पुढं नुसतं मायक्रो लिहितो) म्हंजे १०४ नंबरचा कंडेन्सर, पुढं १० के चा व्हॉल्यूम, व्हॉल्यूमचा मधला पाय ३८६ च्या पिन ३ ला. पिन २ आणि ४ ग्राउंड. पिन ६ सप्लाय. पिन ५ आउटपुट, तिथनं २२० मायक्रो मधनं हेडफोन. पिन १ आणि ८ मध्ये काही नसेल तर गेन, म्हंजे सिग्नल किती पट वाढतो ते, २०, दोन्हींच्या मध्ये १० मायक्रो लावला तर २००, आणि त्या १० मायक्रोला सिरीजमध्ये १.२ के लावला तर साधारण ५०. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर असतंय.

आता बघा, गेन २० वर हा अॅम्प्लिफायर शांत असतो पण लांबचं बोलणं फारसं वाढत नाही, कारण हातभर लांब बसून कोणी बोललं तर या माईकमधनं निघणारा सिग्नल एक मिलीव्होल्टच्या पण आत असतो. म्हणून सगळे २०० वर जातात आणि तिथंच भट-भट सुरू होती. गेन चूक नाही, ह्या कामाला २०० लागतोच. पण २०० ला सप्लायमधली बारीक थरथर सुद्धा माफ नसते.

पहिली परीक्षा, पार्ट न काढता. व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. आवाज बंद झाला तर दोष व्हॉल्यूमच्या आधी, म्हंजे माईक, त्याची वायर, त्याचा सप्लाय. शून्यावर सुद्धा भट-भट नाहीतर गुरगुर चालूच असेल तर दोष व्हॉल्यूमच्या पुढं, म्हंजे आयसीच्या अवतीभवती, आउटपुट आणि सप्लायचे कंडेन्सर. ह्या एका गोष्टीनं अर्धं बोर्ड बाजूला पडतंय, आणि विचारणाऱ्यांपैकी फार कमी जणांनी ती केलेली असते.

दुसरी परीक्षा. व्हॉल्यूम वाढवल्यावर शिट्टी येते ती हवेतनं येते का वायरीतनं, हे ठरवायचं. हेडफोन कानावरनं काढा, गोधडीत गुंडाळा आणि माईकपासून वायर पुरेल तितका लांब ठेवा. माईकवर हात धरून बघा, हात जवळ नेला की शिट्टीचा सूर बदलतो का. सूर बदलला, गोधडीत टाकल्यावर शिट्टी गेली, तर ती हवेतनं फिरून येणारी शिट्टी आहे, सभामंडपात स्पीकरसमोर माईक नेला की जे होतंय तेच. तिला सर्किटमध्ये औषध नाही. माईक डब्यातनं बाहेर काढून मीटरभर शिल्ड वायरवर घ्या, हेडफोन कान पूर्ण झाकणारा बंद पाठीचा घ्या, आणि डब्यात माईक ठेवायचाच असेल तर त्याला मऊ फोम नाहीतर रबरी वायसरमध्ये बसवा, नुसता फेविक्विकनं चिकटवू नका, नाहीतर डब्याला बोट लागलं तरी कानात धडाम होतंय.

गोधडीत टाकूनसुद्धा भट-भट तशीच राहिली, तर ती सप्लायमधनं फिरतीय. आता हे कसं होतंय ते नीट समजून घ्या, कारण एकदा समजलं की परत कोणाला विचारायची गरज पडत नाही.

३८६ हेडफोन हलवताना सेलमधनं करंट ओढतो, आणि तो करंट आवाजाबरोबर कमीजास्त होतो. सेलला आतला रेझिस्टन्स असतोच, आणि तो स्वस्तातला ९ व्होल्टचा साधा झिंक-कार्बनचा सेल असेल तर अल्कलाइनपेक्षा पुष्कळ जास्त असतो, सेल उतरत आला की अजून वाढतो. म्हणून करंट ओढला की सेलचा व्होल्टेज जरासा बसतो. एकाच पाइपलाइनवर खालच्या घरानं नळ सोडला की वरच्या घरातली धार बारीक होती, तसंच. आता वरच्या घरात कोण राहतंय? माईक. माईकच्या आत एक बारका फेट, म्हंजे एक प्रकारचा ट्रान्झिस्टर, असतो आणि तो करंट सोर्ससारखा वागतो, त्यामुळं १० के च्या वरच्या टोकाला सप्लाय जितका हलतो तितकंच जवळपास खालचं टोक पण हलतंय, म्हंजे सप्लायची थरथर थेट सिग्नलच्या जागी येऊन बसती. समजा सप्लाय १० मिलीव्होल्ट हलला. माणसाचं बोलणं पाव-अर्धा मिलीव्होल्ट, आणि ही थरथर १०. आयसी बिचारी दोन्हीला २०० नं गुणती, तो आउटपुट परत सप्लाय ओढतो, सप्लाय परत बसतो, आणि हे चक्र सेकंदाला काही वेळा फिरायला लागलं की कानात भट-भट-भट. म्हणूनच नवा सेल लावला की दोन दिवस ठीक चालतंय आणि मग परत सुरू होतंय, आणि लोक म्हणतात आयसी गरम होऊन खराब झाली.

पक्कं करायची परीक्षा अशी. माईकचा १० के मेन सप्लायवरनं सोडवा. दोन पेन्सिल सेल वेगळे घ्या, ३ व्होल्ट, त्यातनं २.२ के मधनं माईकला द्या, ग्राउंड मात्र दोन्हीचा एकच जोडा. भट-भट तिथल्या तिथं बंद पडली तर प्रश्नच मिटला, दोष माईकच्या सप्लायमध्येच होता. नाही पडली तर पुढं ग्राउंडवालं वाचा.

औषध आता. मेन प्लसवरनं १ के घ्या, त्याच्या दुसऱ्या टोकाला ग्राउंडकडं १०० मायक्रो लावा, आणि माईकचा १० के या जागेवरनं द्या, सरळ सेलवरनं नाही. १ के आणि १०० मायक्रोची जोडी दीड-दोन हर्ट्झच्या वरचं सगळं अडवायला लागती, १६ हर्ट्झला थरथर दहावा हिस्सा उरती, १६० ला शंभरावा. माईकचा करंट पाव-अर्धा मिलीअँपच असल्यामुळं १ के वर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त जात नाही, त्यामुळं माईकला काही कमी पडत नाही. भट-भट लई मंद असेल, सेकंदाला दोन-तीन, तर १०० च्या जागी ४७० मायक्रो घाला. १६ व्होल्टचा कंडेन्सर पुरतो, प्लस-मायनस बघून.

ह्याच्या जोडीला आयसीजवळ तीन गोष्टी पाहिजेतच आणि नेटवरच्या छोट्या सर्किटमध्ये ह्याच गाळलेल्या असतात. पिन ६ आणि ४ च्या मध्ये ४७० मायक्रो, आणि त्यालाच पॅरलल १०४ चा सिरॅमिक, दोन्ही आयसीच्या पायाला खेटून, वीतभर वायरीवर नाही. पिन ७ वरनं ग्राउंडला १० मायक्रो, ही पिन बायपासची आहे, मोकळी ठेवली तरी आयसी चालती म्हणून लोक सोडून देतात, पण सप्लायचा कचरा आत येऊ नये ह्याचीच ती पिन आहे. आणि पिन ५ वरनं ग्राउंडला १० ओहम आणि ४७३ म्हंजे ०.०४७ मायक्रो, सिरीजमध्ये.

शेवटच्या जोडीचं जरा सांगतो. ती नसली की अॅम्प्लिफायर कधीकधी कानाला ऐकू न येणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर घुमत बसतो. शिट्टी नाही, भट-भट नाही, पण आवाज फाटका येतो, आयसी हाताला गरम लागती आणि सेल लवकर बसतो. मल्टिमीटर मिलीअँपवर ठेवून सेलच्या सिरीजमध्ये लावा आणि कोणी न बोलता बघा. ३८६ शांत असताना ४ मिलीअँपच्या आसपास घेती, जास्तीत जास्त ८. वीस-तीस दाखवायला लागला तर ती घुमतीय असंच धरा. हेडफोनची वायर आणि माईकची वायर एकमेकीला चिकटून जात असतील तर त्या पण लांब करा.

ग्राउंडवर आता. वेगळे सेल लावूनसुद्धा भट-भट नाहीतर शिट्टी राहिली तर वायरी बघा. हेडफोनचा करंट ज्या बारक्या ग्राउंड वायरीतनं परत येतो त्याच वायरीवर माईकचा ग्राउंड जोडलेला असला की झालं. हिशोब सोपा आहे, २० मिलीअँप आणि वायरीचा, ब्रेडबोर्डच्या कॉन्टॅक्टचा मिळून ०.०५ ओहम धरला तरी १ मिलीव्होल्ट होतो, आणि आपलं बोलणं त्याच्या पाव हिश्श्याएवढं. म्हणून माईकचा ग्राउंड, व्हॉल्यूमचा ग्राउंड आणि पिन २ हे एका वायरीनं पिन ४ ला आणा, हेडफोनचा ग्राउंड वेगळ्या वायरीनं पिन ४ जवळच्या मोठ्या कंडेन्सरच्या मायनसला आणा, आणि सेलचा मायनस पण तिथंच. झिरो पीसीबीवर, म्हंजे सोल्डर करायच्या भोकांच्या बोर्डावर, हे सहज होतंय.

ब्रेडबोर्डवाल्यांनी अजून एक बघा. लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या काही बोर्डांवर मध्येच तुटलेल्या असतात, वरनं लाल रेघ पण त्याच जागी खंडित दिसती, लक्ष दिलं तर. डाव्या अर्ध्यात सेल आणि उजव्या अर्ध्यात माईक असला की माईकला ग्राउंडच नसतो, आणि मग नुसती भुणभुण. मल्टिमीटर बीपवर ठेवून पट्टीच्या दोन टोकांवर लावा. खरं सांगायचं तर गेन २०० चं सर्किट ब्रेडबोर्डवर पूर्ण शांत होईल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. तिथं गेन २० वर सगळं तपासा, मग झिरो पीसीबीवर सोल्डर करा आणि तिथं १० मायक्रो लावून २०० करा.

माईक उलटा लागलाय का ते पण बघून घ्या. माईकच्या पाठीवर दोन ठिपके असतात, त्यातला जो बाहेरच्या पत्र्याच्या कडेला बारक्या रेघांनी जोडलेला असतो तो ग्राउंड. डोळ्याला दिसत नसेल तर बीपवर पत्र्याला आणि ठिपक्याला लावा. उलटा लावला की आवाज एकदम बारीक नाहीतर नाहीच. सोल्डरिंग करताना लोखंड दोन सेकंदाच्या वर टेकवू नका, आतली फिल्म उष्णतेनं खराब होती आणि माईक बहिरा होतो. आमच्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काम करणारी पोरं आधीच घामाघूम, घाई होती, म्हणून माईकला आधी दोन बारक्या वायरी लावून घ्या आणि पुढचं सगळं त्या वायरींच्या टोकांवर करा.

आता हेडफोन जॅक, इथं लई गंमतीचा पण लई वारंवार येणारा दोष आहे. "आवाजच येत नाही सर, पण इअरफोनचं बटण दाबून धरलं की एकदम मोठा येतो." हे कोणी सांगितलं की बाकी काही विचारायची गरज नाही. मोबाईलच्या इअरफोनला चार कड्यांची पिन असती, डावा, उजवा, ग्राउंड आणि माईक. आपण दुकानातनं आणलेलं सॉकेट तीनचं असतंय, आणि त्याचा ग्राउंडचा कॉन्टॅक्ट पिनच्या बुडाला टेकतो, जिथं मोबाईलच्या इअरफोनचा माईक असतो. म्हंजे हेडफोनचा ग्राउंड त्याच्या स्वतःच्या माईकमधनं जायला लागला, आणि माईक तेवढा करंट सोडत नाही. बटण दाबलं की माईक आणि ग्राउंड शॉर्ट होतात आणि आवाज उघडतो. उपाय म्हंजे साधा तीन कड्यांचा हेडफोन घ्या, नाहीतर चार कॉन्टॅक्टचं सॉकेट घेऊन तिसरी कडी आणि बूड दोन्ही ग्राउंडला जोडा. आपला अॅम्प्लिफायर मोनो आहे, म्हणून डावा आणि उजवा एकत्र करायचे, नाहीतर एकाच कानात आवाज येणार.

आणि इथंच थांबून कानाचं बोलू, कारण ह्याच्याकडं कोणी बघत नाही आणि मला ह्याचीच जास्त काळजी वाटती. ३८६ ही स्पीकर वाजवायची आयसी आहे. ९ व्होल्टवर ती ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये दीडशे-दोनशे मिलीवॅट घालू शकती. साध्या हेडफोनला १ मिलीवॅटला शंभर डेसिबलच्या आसपास आवाज होतो, तर दोनशेला १२० च्या वर जातो. आजीच्या कानावर हेडफोन आहे, कोणी दार आपटलं नाहीतर अचानक शिट्टी सुटली, तर तो सगळा आवाज एका झटक्यात कानात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास ऐकायचं असेल तर ८० डेसिबलची मर्यादा सांगती. म्हणून २२० मायक्रोच्या पुढं, जॅकच्या आधी, १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावाच. बोलणं ऐकायला पुरेसा आवाज राहतो, मोठ्यात मोठा झटका बराच खाली येतो, आणि वरनं पाठीमागची सी-सी पण कमी होती, म्हंजे एका रुपया-दोन रुपयाच्या पार्टनं तीन कामं. शिवाय २२० मायक्रोनंतर, १०० ओहमच्या आधी, ग्राउंडला १ के लावून ठेवा म्हंजे चालू सर्किटमध्ये पिन घातल्यावर धप्प होत नाही. आणि सवय अशी लावा की आधी व्हॉल्यूम शून्य, मग स्विच, मग हेडफोन कानावर, ह्याच क्रमानं. तपासताना तर हेडफोन कानाला न लावता हातात धरूनच ऐका.

अजून एक, आजोबांसाठी करत असाल तर. वयानं जे ऐकू कमी होतंय त्यात बारीक, वरच्या सुराचे आवाज आधी जातात. "आवाज येतो पण काय बोलतात ते कळत नाही" असं म्हणतात ते त्यामुळंच, स, श, त, क ही अक्षरं गळतात. तिथं नुसता सगळा आवाज वाढवून फायदा कमी, पंख्याची घरघर पण तितकीच वाढती. माईकनंतरचा १०४ काढून २२३ म्हंजे ०.०२२ मायक्रो लावून बघा. १०४ असताना खालची कटऑफ, म्हंजे जिच्या खालचे आवाज कापले जातात ती फ्रिक्वेन्सी, ८० हर्ट्झच्या आसपास असती, २२३ नं ती साडेतीनशेच्या वर येती, घरघर आणि मंडपातला घुमारा कापला जातो आणि अक्षरं मोकळी होतात. आवाज पातळ वाटेल, पण तो तुमच्या कानाला, ज्याच्यासाठी करायलात त्यांना विचारा. आणि त्याआधी कानाच्या डॉक्टरला एकदा दाखवा, कानातला मळ नाहीतर पडद्याचं दुखणं असेल तर ते तिथंच बरं होणारं असतंय, आणि हे यंत्र श्रवणयंत्राच्या जागेवर बसणारं नाही.

भुणभुण, म्हंजे ५० हर्ट्झची आणि १०० हर्ट्झची, ही भट-भटीपेक्षा वेगळी केस आहे. सेलवर चालवताना नाही पण चार्जरवर लावलं की येती, तर चार्जरचीच. दोन पिनच्या चार्जरला अर्थिंग नसतंय, आतल्या बारक्या कंडेन्सरमधनं मेनचा थोडा लीकेज बाहेर येतो, आणि माईकच्या वायरीला हात लावला की भुणभुण कमीजास्त होती. गावाकडं लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होतो आणि तो स्क्वेअर वेव्हचा असेल तर भुणभुणीची घर्रर्र होती, कारण त्यात वरच्या हार्मोनिक, म्हंजे ५० च्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी, भरपूर असतात. ह्यातनं सुटायचा सरळ मार्ग म्हंजे सेल. चार पेन्सिल सेलचा होल्डर घ्या, अल्कलाइन घ्या, इतक्या कमी करंटला ते लई दिवस चालतात आणि चौकोनी सेलपेक्षा आतला रेझिस्टन्स कमी म्हंजे भट-भटीला पण कारण कमी. पॉवर बँक लावून बघणाऱ्यांची तक्रार असती की अर्ध्या मिनिटात आपोआप बंद होती. ती बिघडलेली नाही, करंट इतका कमी बघून तिला वाटतंय मोबाईल काढला.

सेलवर पण भुणभुण असेल तर माईकची वायर शिल्डवाली नाही, नाहीतर शिल्ड एका पण टोकाला ग्राउंड नाही, नाहीतर व्हॉल्यूमचा पत्रा तरंगतोय. व्हॉल्यूमच्या दांड्याला बोट लावल्यावर भुणभुण बदलली की त्याच्या पत्र्याला ग्राउंडची वायर लावून टाका.

खिशात जुना कीपॅडचा २जी वाला मोबाईल असला की टर्र-टर्र-टर्र येतंय, ते त्या फोनच्या ट्रान्समिशनचं, सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद होणारं, आणि माईकमधला फेट ते डिटेक्ट करतो. माईकच्या दोन ठिपक्यांवरच, वायरीच्या दुसऱ्या टोकाला नाही, ३३ पीएफ (पिकोफॅरड) चा सिरॅमिक सोल्डर करा. तसंच आकाशवाणीच्या टॉवरजवळ राहणाऱ्यांना कधी अॅम्प्लिफायरमध्ये चक्क मीडियम वेव्हचा रेडिओ ऐकू येतो. तिथं पिन ३ च्या वाटेत १ के आणि पिन ३ वरनं ग्राउंडला ४७० पीएफ लावला की कार्यक्रम बंद.

हल्ली बरेच जण ३८६ सोडून पीएएम ८४०३ चं निळं-लाल बारकं मॉड्यूल आणतात, स्वस्त मिळतंय म्हणून, आणि मग हेडफोन लावला की मॉड्यूल तापलं असं सांगतात. ते मॉड्यूल ब्रिज आउटपुटचं आहे, त्याच्या स्पीकरच्या मायनस वायरी ग्राउंड नसतात, आणि हेडफोनमध्ये डाव्या-उजव्याचा मायनस एकत्र असतो. ते हेडफोनला लावायचंच नाही. मॉड्यूलच घ्यायचं असेल तर माईकच्या बाजूला मॅक्स ९८१४ वालं घ्या, त्यात मोठा आवाज आला की गेन आपोआप खाली येतो, आणि ते ५ व्होल्टपर्यंतच चालतंय हे लक्षात ठेवा, ९ देऊ नका.

एवढं करूनसुद्धा सुटलं नाही आणि कोणाला विचारणार असाल तर "चालत नाही" एवढंच लिहू नका, चार आकडे लिहा, ग्राउंडच्या हिशोबानं मोजलेले. पिन ६ चा व्होल्टेज. पिन ५ चा, जो सप्लायच्या निम्म्याच्या आसपास पाहिजे, ९ ला साडेचार. तो सप्लायला नाहीतर शून्याला चिकटलेला असेल तर मात्र आयसीवर नाहीतर वायरिंगवर शंका घ्या. माईकच्या प्लसचा, जो ९ वर साधारण ४ ते ७ च्या मध्ये यावा. पूर्ण ९ असेल तर माईक लागलेलाच नाही, शून्य असेल तर शॉर्ट. आणि शांत असतानाचा करंट. सोबत हे पण लिहा की व्हॉल्यूम शून्य केल्यावर आवाज जातो का राहतो, आणि हेडफोन गोधडीत टाकल्यावर काय होतंय. ह्या सहा उत्तरांवरनं समोरच्याला बोर्ड न बघता सांगता येतंय की कुठल्या पायाला हात घालायचा.